गोधडीवाल्या काकूंना जाहीर थँक्यू

काकू, तुमचं नाव घालत नाहीये, घातलं तर फोन करून झापाल हे माहितीय. तोंडावर थँक्यू म्हणायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तुम्ही "गप बस गे" म्हणून कुंद्याची वाटी पुढे सरकवलीत. म्हणून आता इथे लिहितेय, इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही डब्लिनला राहतो. ओहायोतलं डब्लिन, कोलंबसला लागून आहे ते, आयर्लंडचं नाही. काकू मूळच्या बेळगावच्या, इथे वीस वर्षं स्कूलबस चालवून रिटायर झालेल्या. २०२२च्या ऑगस्टपर्यंत माझी त्यांची ओळख म्हणजे मंडळाच्या जेवणात पंगतीला वाढताना "अजून घे की" एवढीच.

त्या ऑगस्टमध्ये मला दहावा आठवडा चालू होता. दोन वर्षं वाट बघून दिवस गेलेले. नवरा व्हिसा स्टॅम्पिंगला मुंबईला गेला आणि तिथेच अडकला. आणि एका रविवारी अंगावरून जायला लागलं. हॉस्पिटलात गेले, सोनोग्राफी झाली, डॉक्टरीण बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, हे टिकणारं नाही, पण ठोके अजून आहेत. मग आता काय करायचं? तर घरी जा आणि वाट बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कागद हातात दिला, ताप आला किंवा रक्तस्राव खूप वाढला तर या. म्हणजे कुकरच्या शिट्टीची वाट बघतात तसं मी थर्मामीटर घेऊन बसायचं.

कारण एवढंच की त्या २४ जूनला सुप्रीम कोर्टानं देशभर गर्भपाताचा हक्क देणारा जुना रो निकाल मोडला आणि त्याच संध्याकाळी ओहायोत २०१९चा अडवून ठेवलेला कायदा लागू झाला, ठोके ऐकू आले की हात लावायचा नाही. साधारण सहाव्या आठवड्यापासून ठोके दिसतातच. बाईच्या जिवावर बेतलं तर सूट आहे असं कायद्यात लिहिलेलं होतं, पण नेमकं किती बेतलं की बेतलं म्हणायचं हे ठरवणार डॉक्टर, आणि ठरवण्यात चूक झाली की फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, लायसन्स गेलं. त्यामुळे आधी वकिलाला फोन आणि मग पेशंट. त्या डॉक्टरणीच्या डोळ्यात पाणी होतं हे मी कबूल करते. पण तिच्या डोळ्यातल्या पाण्याचं मी काय करणार होते? त्याच उन्हाळ्यात दहा वर्षांच्या एका मुलीला ओहायोतून इंडियानाला न्यावं लागलं होतं, ती बातमी वाचून मी "बापरे" म्हणून पुढे स्क्रोल केलं होतं, हेही इथे लिहून ठेवते.

आणि बाकीच्यांचं काय सांगू. एक जवळची मैत्रीण म्हणाली, "अगं पण आधी लीगल आहे का बघ, तुझ्या व्हिसावर काही यायला नको." दुसरीनं व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी पाठवला. मंडळातल्या एका काकांनी (यांना मी तुमच्यासारखं काका म्हणणार नाही, मनातून तर नाहीच) बायकोमार्फत निरोप दिला की ग्रुपवर असले विषय नकोत. आपल्याकडे कसं आहे ना, गर्भपात म्हटलं की पहिलं डोळ्यासमोर येतं ते सोनोग्राफी सेंटरमधली ती पाटी, गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे. मुली मारतात ते, एवढंच डोक्यात. ते थांबवायलाच हवं होतं, पण त्या पाटीखाली बसून मोठे झालेले कितीतरी लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. मीसुद्धा समजायचे. नंतर इन्शुरन्सचं बिल आलं त्यावर माझ्या नावापुढे 'अबॉर्शन' लिहिलं होतं. मूल हवं म्हणून दोन वर्षं गोळ्या-इंजेक्शनं घेतलेली बाई मी, आणि तो शब्द माझ्याच नावापुढे.

तुम्हाला कुणी सांगितलं ते अजून मला कळलेलं नाही. पहाटे साडेपाचला बेल वाजली, तुम्ही दारात, सपाता आणि स्वेटर. "चल, ॲन आर्बरला जायचंय. डॉक्टरांशी बोलणं झालंय." मिशिगनमध्ये तेव्हा ते जुनं १९३१चं बंदीचं कलम कोर्टानं रोखून धरलं होतं म्हणून तिथे हे करता येत होतं. तुम्हाला हे सगळं पाठ होतं. मला माझा पिनकोड आठवत नव्हता.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते.

तुम्ही गाडीचं दार उघडलंत. पुढच्या सीटवर गोधडी घातलेली होती. जुन्या सुती साड्यांची, एक बाजू जांभळी, एक विटकी हिरवी, हातानं घातलेले धावदोरे. खाली प्लास्टिक नाही, टॉवेल नाही, जुनं पांघरूण नाही, तुमच्या आईनं शिवलेली गोधडी, हे मला नंतर समजलं. मी दारातच अडखळले, म्हटलं काकू खराब होईल. तुम्ही म्हणालात, "होऊ दे. धुवायलाच असती ती."

बास. एवढंच. तीन दिवस मी सगळीकडे डाग पडू नये म्हणून जपून बसत होते काकू. हॉस्पिटलच्या खुर्चीच्या अगदी कडेला, उबरमध्ये स्वतःचं जॅकेट खाली घालून, आणि उठल्यावर मागे वळून बघायचं. तीन दिवसांत कुणालाही हे दिसलं नव्हतं. त्या सीटवर मी पहिल्यांदा पाठ टेकून नीट बसले आणि फिंडलेपर्यंत झोपले.

फिंडले सोडल्यावर जाग आली. दोन्ही बाजूला मका. रेडिओ बंद. तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता बोलायला लागलात, "आमच्या बेळगावची होती ती पोरगी. डेंटिस्ट." सविता हलप्पनवार. आयर्लंडमध्ये गॉलवेला, ऑक्टोबर २०१२, सतरावा आठवडा, हेच सगळं, टिकणार नाही पण ठोके आहेत, वाट बघा. सेप्सिस होऊन गेली, एकतीस वर्षांची. तुम्ही म्हणालात, तेव्हा मी नुसती रडले, देवाजवळ दिवा लावला, दुसऱ्या दिवशी बस घेऊन कामावर गेले. आणि मग सहा वर्षांनी, २५ मे २०१८ला, तिकडच्या लोकांनी मतदान करून ते १९८३चं गर्भपातबंदीचं घटनेतलं कलम काढून टाकलं, ६६ टक्क्यांनी, परदेशात राहणारी आयरिश पोरं विमानाची तिकिटं काढून मत द्यायला घरी गेली, तिच्या वडिलांनी बेळगावातून लोकांना हात जोडून हो म्हणा सांगितलं. "मग मी म्हटलं, परक्या देशातली माणसं आपल्या पोरीसाठी एवढं करत्यात, आणि मी डब्लिनात बसून काय करतेय." मला तेव्हा वाटलं तुम्ही आयर्लंडचं म्हणताय. तुम्ही आपलं डब्लिन म्हणत होतात.

ॲन आर्बरला काय झालं ते लिहीत नाही. दुपारपर्यंत झालं. तिथल्या नर्सनं माझं नाव नीट उच्चारलं. परत येताना तुम्ही थर्मासमधली मऊ खिचडी दिलीत आणि काहीही विचारलं नाहीत.

मी मोर्च्याबिर्च्यावर विश्वास नसलेली बाई होते. त्या जूनमध्ये कोलंबसला स्टेटहाऊससमोर लोक जमले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, ओरडून काय होणार, निकाल तर लागला. तुम्ही तिथे फोल्डिंग खुर्ची घेऊन गेला होतात. आणि ते ॲन आर्बरचं नाव, तो फोन नंबर तुम्हाला त्या गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या बाईकडून मिळालेला. म्हणजे कोर्टाला त्या ओरडण्यानं काही फरक पडला नाही, खरंय, पण मला पडला. मोर्चा म्हणजे काय, तर वेळेला कुणाचा नंबर कुणाकडे आहे हे लोकांना कळतं, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढचं सगळं तर मी डोळ्यांनी बघितलं. मला मत नाही, तुमच्याकडे आहे. २०२३च्या वसंतात तुम्ही क्लिपबोर्ड घेऊन इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये उभ्या. गर्भपाताचा हक्क ओहायोच्या घटनेत घालायचा प्रश्न मतदानाला आणायला चार लाखांच्या वर सह्या लागणार होत्या, जुलैत जमा झाल्या त्या सात लाखांवर. पाडव्याच्या कार्यक्रमात एक टेबल मांडू द्या म्हणालात तर मंडळानं सांगितलं आपण बिगरराजकीय आहोत. त्याच कार्यक्रमात स्टेजवर एका उमेदवाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, तो बहुतेक सांस्कृतिक असावा.

आणि मग तो ऑगस्टचा रडीचा डाव. नोव्हेंबरला मतदान होणार हे दिसल्यावर सरकारवाल्यांनी काय केलं, तर ८ ऑगस्टला मधेच एक निवडणूक लावली, घटना बदलायची तर यापुढे निम्म्याहून जास्त नाही, ६० टक्के मतं लागतील. बरं याच लोकांनी काही महिने आधी कायदा केलेला की ऑगस्टच्या निवडणुका जवळपास बंद, लोक येत नाहीत, खर्च वाया जातो. तो कंटाळवाणा प्रश्न लोकांना समजावणं म्हणजे काय काम होतं! मी तुमच्यासोबत तीन दुपारी हिंडले, छत्री धरायला. कागदावर गर्भपात हा शब्दच नाही, नुसते टक्के. लोक म्हणायचे, मग यात काय एवढं? तुम्ही प्रत्येकाला तेच, "पोराला पस्तीस मार्काला पास करताय ना, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी साठ केलं तर चालंल काय?" ५७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. ७ नोव्हेंबरला पुन्हा साधारण ५७ टक्क्यांनीच हक्क घटनेत गेला. मतपत्रिकेवर मुद्दाम 'अनबॉर्न चाइल्ड' वगैरे शब्द घालून ठेवले होते, तरी गेला.

वर्षभरानं फ्लोरिडात याच हक्कावरच्या मतदानाचा निकाल लागला तेव्हा मला तुमचं ते ऑगस्टचं ऊन कळलं. तिथेही ५७ टक्के. आणि तिथे हरले, कारण तिथे ६० लागतात. गंमत म्हणजे तो साठचा नियम २००६ला तिथे पास झाला तोच मुळी ५८ टक्क्यांच्या आसपास मतांवर. म्हणजे तेवढेच लोक, तेवढंच मन, इकडे बाईला डॉक्टर मिळतो आणि तिकडे सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावरची बंदी चालू राहते. टेक्ससमध्ये तर लोकांनी सह्या करून प्रश्न मतदानाला आणायची सोयच नाही. मिसूरीत २०२४ला जिंकले, तर पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं ठरवलं की पुन्हा मतदान घ्या. तेव्हा परवा ताई फोनवर म्हणाली की "मत देऊन काही होत नाही गं," तिला मी हेच सांगितलं, होतं, पण ते असं एकदा देऊन होत नाही, घरातल्या गॅससारखं आहे, रोज झोपताना बघायचं बंद आहे का. आणि हेही सांगितलं की त्या मतदानाच्या आधीच्या वर्षी माझ्यासाठी मत नव्हतं, काकू होत्या. सगळ्यांच्या दारात पहाटे काकू येत नाहीत. मतदान हवं ते त्यासाठी.

त्या ७ नोव्हेंबरला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला गाडी चालवायची नव्हती म्हणून मी नेलं. तुम्ही आत गेलात, मी पार्किंगमध्ये. एका बाईनं काचेवर टकटक करून मला विचारलं, तू मत दिलंस का, मी म्हटलं मला नाहीये, मी माझं मत घेऊन आलेय, आत गेलंय, काठी टेकत. ती हसली, मी कशाला रडले कुणास ठाऊक.

तुमच्या समोरचे ते म्हातारे आजोबा, त्यांच्या अंगणात 'नो'ची पाटी होती, तुमच्या अंगणात 'येस'ची. वाऱ्यानं तुमची पाटी पडली तेव्हा ते रस्ता ओलांडून आले, नीट ठोकून उभी केली, आणि हात झटकून आपल्या घरी गेले. मला त्यांचं मत अजिबात पटत नाही, त्यांची बाजू जिंकली असती तर माझी गत काय झाली असती माहितीय, पण माणूस चांगला आहे, आणि ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकणाऱ्या आपल्या माणसांपेक्षा मला त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. याचं काय करायचं मला कळत नाही. तुम्ही दिवाळीला त्यांना चकल्या देऊन आलात, म्हणजे तुम्हाला कळलेलं असावं.

गेल्या आठवड्यात तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, ती गोधडी कुठाय गे. आहे. चार वेळा धुतली, थंड पाण्यात मीठ घालून, तुम्ही सांगितलं तसं. जांभळ्या बाजूला एक फिकट डाग राहिलाय, गेला नाही. गुरुवारी डबा घेऊन येतेय, मसालेभात आणि मठ्ठा, दार उघडं ठेवा. गोधडी आणणार नाहीये.