'अस्सल गावरान' वांग्याच्या पाकिटात संकरित बी : तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक तक्रार विभाग

सांगलवाडी, ता. मिरज, जि. सांगली
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

विषय : पाकिटावर 'अस्सल गावरान' छापून संकरित वांग्याचं बी विकल्याबाबत आणि त्यावर तुमच्या माणसांनी दिलेल्या उत्तरांबाबत.

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. फोन ठेवला आणि ठरवलं की आता बोलायचं नाही, लिहायचं. एफ-१ म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी, जिचं बी धरलं तर पुढं तसंच येत नाही, आणि सरळ वाण म्हणजे ज्याचं बी तसंच उगवतं, हे मी तुम्हाला समजावत बसणार नाही. बी विकणं हा तुमचा धंदा आहे, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच हे नजरचुकीनं झालं असं मानायला माझं मन तयार नाही.

मे २०२४ मध्ये सांगलीतल्या एका कृषी सेवा केंद्रातून मी तुमच्या वांग्याची दोन पाकिटं घेतली. एका पाकिटात ५० बिया, किंमत ९५ रुपये. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'अस्सल गावरान काटेरी वांगं, कृष्णाकाठ' आणि त्याखाली 'बी धरा, पिढ्यानपिढ्या लावा'. या दुसऱ्या ओळीसाठी मी ती पाकिटं घेतली. नुसती वांगी खायची असती तर शनिवारच्या बाजारात मिळतातच.

आमच्या घरी वांग्याचं बी सासूबाईंच्या हातचं होतं. जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला बोट लावू देणार नाहीत असे काटे, आणि भरल्यावर मसाल्याच्या आधी वांग्याचीच चव लागणार. दरवर्षी दोन चांगल्या झाडांवरची वांगी त्या बियाला सोडायच्या, पिवळी पडेपर्यंत हात लावू द्यायच्या नाहीत. मग पाण्यात कुस्करून तळाशी बसलेलं बी तेवढं घ्यायचं, सावलीत वाळवायचं, राखेत घोळवून गाडग्यात भरायचं. २००५ च्या पुरात ते गाडगं माळ्यावर होतं म्हणून वाचलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी किती चढली ते ऐकत आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, आणि परत आलो तेव्हा माळ्यावरही गाळ होता. सासूबाई त्यानंतर दीड वर्षानं गेल्या. भांडी, कपाट, शिलाई मशीन, सगळं हळूहळू परत झालं. बी तेवढं झालं नाही.

पाच वर्षं मी ते शोधत होते. तुमचं पाकीट हातात आलं तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

पहिल्या वर्षी झाडं उत्तम आली. रेघा होत्या, काटे होते. मी तीन झाडं निवडली, फुलं उमलायच्या आधीच कळ्यांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधला. वांग्याचं परागीकरण बहुतेक आपल्याच फुलात होतं, तरी मधमाशा-भुंगे थोडाफार संकर करतात, हे मला माहीत आहे. म्हणून पिशव्या. बी नीट धरलं, वाळवलं, राखेत ठेवलं. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे न देता कागदाच्या पुडीत हे बी घातलं आणि आमच्या बचत गटातल्या अकरा जणींना वाण म्हणून लुटलं. प्रत्येकीला सांगितलं, हे आपल्याकडचं आहे, बी धरा, पुढं द्या.

यंदा जूनमध्ये त्या बियांची २४ रोपं लावली. दहा झाडांना रेघांची जांभळी वांगी आली, त्यातली काही गोल, काही हातभर लांब. सात झाडांना नुसती काळपट जांभळी, देठ गुळगुळीत, काटा नाही. पाच झाडांना हिरवी. दोन झाडांना पांढरट. त्याच वाफ्यात तुमच्या पाकिटातल्या उरलेल्या बियांची सहा रोपंही लावली होती. ती सहाच्या सहा एकसारखी आली. तीच माती, तेच पाणी, तेच शेणखत. पाकिटातलं बी सगळं एकसारखं आणि त्याच बियाचं पुढचं बी चार तऱ्हांचं, याचा अर्थ तुमच्या कंपनीत कोणाला विचारावा लागू नये.

ऑक्टोबरमधल्या पहिल्या फोनवर मला सांगितलं गेलं की शेजारच्या वांग्याचा संकर झाला असेल. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे आणि चौथ्या बाजूला रस्ता. पिशव्यांचं सांगितलं तर फोनवरची मुलगी म्हणाली, नोंद घेते. दुसऱ्या फोनवर तीच नोंद सापडली नाही, सगळं पुन्हा सांगावं लागलं.

मग मी न फोडलेलं दुसरं पाकीट काढून नीट पाहिलं. मागच्या बाजूला किमतीचा स्टिकर आहे. तो ओल्या बोटानं हळूच सोलला. खाली बारीक अक्षरांत छापलंय : 'प्रकार : संकरित एफ-१'. पहिल्या, फोडलेल्या पाकिटावरही तोच स्टिकर, त्याच जागी. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला की स्टिकर कंपनीतूनच लागून येतो.

तिसऱ्या फोनवर मी हे सांगितलं, तेव्हा वरिष्ठांशी बोलणं करून देतो म्हणाले. ते वरिष्ठ काल बोलले. हे बोलणं मी शब्दाला शब्द लिहिते, कारण तुमच्याकडे ते रेकॉर्ड होतं असं दर वेळी ऐकवलं जातं. ते काढून ऐका.

मी विचारलं, पाकिटावर गावरान लिहिलंय आणि आत एफ-१ कसं? ते म्हणाले, "मॅडम, गावरान हे आमच्या सिरीजचं नाव आहे." मी म्हटलं, आणि 'बी धरा' हे कशाचं नाव आहे? त्यावर थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी वांगी चांगली आली ना? खाल्लीत ना? मग तक्रार कशाची?" मी पुन्हा सांगितलं की तक्रार वांग्याची नाही, बियाची आहे. तर म्हणाले, "काकू, आजकाल बी कोण धरत बसतं? ९५ रुपयांचा प्रश्न आहे, दरवर्षी नवीन पाकीट घ्या." मी म्हटलं, मला पैसे नकोत, लेखी उत्तर हवं. आणि तेव्हा ते म्हणाले, "तुमचे मिस्टर आहेत का घरी? त्यांना फोन द्या, मी त्यांना टेक्निकल समजावून सांगतो."

मी ३८ वर्षं परसबाग करते आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि घोसाळ्याचं सकाळी, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. तुमच्याच कंपनीच्या दोडक्याचं बी मी तीन वर्षं धरते आहे, संध्याकाळी उंबऱ्यावरून उठून मादी फुलाला नर फूल लावते आणि रात्रीसाठी दोऱ्यानं बांधून ठेवते. तो दोडका तीन वर्षं जसाच्या तसा येतो. ते पाकीट खरं होतं. त्या दोडक्यामुळेच मी तुमच्या वांग्यावर विश्वास टाकला आणि चार जणींना तुमचं नाव सांगितलं. आणि तुमचा माणूस मला म्हणतो, मिस्टरांना फोन द्या. माझे पती समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तूच बोल, वांगं तुझं आहे.

संकरित बियाला मी नावं ठेवत नाही. आमच्या भावकीत टोमॅटो, ढबू मिरची करणारे सगळे हायब्रीडच लावतात, माल एकसारखा येतो, व्यापाऱ्याला तोच लागतो. पण त्यांना पाकिटावर हायब्रीड असं वाचूनच घेता येतं, त्यांचा हिशेब त्यांना करता येतो. गावरान आणि सरळ वाण यांतही फरक आहे. परभणी क्रांती भेंडी सरळ वाण आहे, कृषी विद्यापीठातून आलेली, तिला कोणी गावरान म्हणत नाही, तरी तिचं बी धरता येतं आणि ते तसंच उगवतं. तुम्ही तीनही शब्दांची सरमिसळ करून जो खपतो तो पुढे छापता आणि जो खरा आहे त्यावर किमतीचा स्टिकर लावता. 'गावरान' या शब्दाला आज बाजारात भाव आला तो आपोआप आलेला नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या बायकांनी घरोघरचं बी जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या लोकांनी तो शब्द ऐकला. तो शब्द तुमच्या सिरीजचं नाव नाही.

आणि बी कोण धरत बसतं, याचंही उत्तर देते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नं शेतकऱ्याला आपलं बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क दिला आहे. तो कायदा वापरात असताना बियाणं कंपनीच्या वरिष्ठ माणसानं असं विचारावं, याचं मला आजही वाईट वाटतंय. स्टिकरपेक्षा जास्त वाटतंय.

मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. हे वांगं कोणत्या दोन वाणांचा संकर आहे आणि 'कृष्णाकाठ' हे नाव कशाच्या आधारावर दिलं. एफ-१ या ओळीवर स्टिकर कोणी आणि का लावला. दुकानांत आज पडून असलेली पाकिटं कधी परत घेणार. आणि ज्यांनी ती बी धरण्यासाठी घेतली त्यांना कसं कळवणार. माझे १९० रुपये परत पाठवू नका. ते पाठवून विषय संपवायचा प्रयत्न झाला तर मनिऑर्डर घेणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरं पाकीट, जे मी अजून फोडलेलं नाही, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन बियाणे निरीक्षकांना नमुना घेण्याची विनंती करेन. त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते तिथेच तक्रार करता येते आणि मी मोजलेल्या एवढ्याशा किमतीच्या मालाला शुल्कही लागत नाही. बियाणाच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असं कोणी तुम्हाला सांगत असेल, तर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात काय म्हटलं ते तुमच्या वकिलांकडून वाचून घ्या. पाकिटाची दोन्ही बाजूंची, सोललेल्या स्टिकरची आणि चारही तऱ्हांच्या वांग्यांची छायाचित्रं सोबत जोडली आहेत, दुकानाची पावतीही.

गेल्या आठवड्यापासून मी त्या अकरा जणींच्या घरी जाते आहे. सात घरं झाली. दोघींनी बी लावलंच नव्हतं, त्यांच्याकडून पुड्या परत घेतल्या. एकीच्या सुनेनं माहेरी, कवठेमहांकाळकडे, बी पाठवलं होतं. तिथं काय उगवलं असेल आणि त्याला काय नाव पडलं असेल, ते मला माहीत नाही. प्रत्येक घरात मला हे सांगावं लागतं की मी दिलेलं बी आपलं नव्हतं. चार घरं अजून राहिली आहेत. हे काम तुमचं होतं.

उत्तर टपालानं आणि माझ्या नावानं पाठवा. फोन करू नका.

आपली,
एक ग्राहक
सांगलवाडी