करारातले ते कलम

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला १९५०च्या दशकातील अमेरिकेवरचा लेख वाचला. फ्रिज, लांबलचक मोटारी, टीव्हीसमोर जेवणारे कुटुंब, सगळे आले. (१९५० साली दहातल्या एका घरातही टीव्ही नव्हता, दशक सरता सरता जवळपास नऊ घरांत आला. हा झपाटा खराच.) पण ज्या लेव्हिटाउनचे (दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी न्यूयॉर्कजवळ उभारलेल्या नव्या वसाहतीचे) एवढे गोडवे गायले आहेत, तिथल्या सुरुवातीच्या भाडेकरारात स्पष्ट कलम होते: गोऱ्यांखेरीज कुणी घरात राहायचे नाही. सूट फक्त घरगड्यांना! म्हणजे त्याच महायुद्धात लढून आलेल्या काळ्या सैनिकाला तिथे राहायचे, तर नोकर म्हणूनच. गृहकर्जाला हमी देणारे सरकारी खातेही हाच भेद पाळत होते.

डिसेंबर १९५५मध्ये अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या काळ्या महिलेला अटक झाली आणि निषेध म्हणून तिथले काळे नागरिक ३८१ दिवस सिटी बसमध्ये चढले नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोन्‌मैल पायी कामावर गेल्या. लेखात याला एक ओळ नाही. मोटारींच्या मागच्या शोभेच्या पंखांना मात्र अख्खा परिच्छेद.

– एक वाचक, सातारा