किती मिलिमीटर आणि किती वर्षं, ते पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

'कृत्रिम रक्तवाहिनी तयार, आता बायपाससाठी पायाची शीर काढायला नको' अशी बातमी अधूनमधून येतेच, वाचून बरं वाटतं, पण नळी किती मिलिमीटरची आणि किती वर्षं उघडी राहिली ते त्यात नसतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

जाड नळ्यांचं काम कधीच जमलंय. 1950 च्या दशकात अमेरिकन हृदयशल्यविशारद डॉ. मायकल डिबेकी यांनी घरच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या (म्हणजे पॉलिस्टर कापडाच्या) नळ्या शिवल्या होत्या (हो, शिलाई मशीनवर!), महाधमनीत अशा नळ्या वर्षानुवर्षं चालतात. पण हृदयाच्या बायपासला लागते तशी बारीक, 6 मिमीच्या खालची नळी घेतली की तेच मटेरियल दगा देतं. साधा हिशोब बघा, 4 मिमीच्या नळीत आतून अर्ध्या मिमीचा थर चढला तर उरले 3 मिमी, आणि प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे प्रेशर तेवढंच धरलं तर रक्त जेमतेम एक तृतीयांश जाणार. 20 मिमीच्या नळीत तेवढाच थर आला तरी 80 टक्के शिल्लक.

आधी भीती गुठळीची, त्यासाठी आतून हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावतात, उपयोगही होतो. पण खरा त्रास नंतर, आपली रोहिणी प्रत्येक ठोक्याला ताणते आणि ही नळी ताठ, त्यामुळे जोडापाशी पेशी वाढत राहतात आणि तोंड बुजत जातं. ते नुसत्या हेपरिनने थांबत नाही, तिथे जिवंत अस्तरच लागतं. प्राण्यांमध्ये हे अस्तर बऱ्याचदा नळीभर पसरतं, माणसात जोडापासून एक-दोन सेंटीमीटर सरकतं आणि थांबतं, म्हणून मेंढीत चाललं यावर लगेच हेडलाइन करू नये असं मला वाटतं. माणसाच्या पेशींनी वाढवून मग त्या पेशी धुऊन काढलेल्या नळीला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये परवानगी मिळाली, चांगली गोष्ट आहे, पण ती 6 मिमीची आणि हातापायाच्या जखमांसाठी, हृदयासाठी नाही.

पायाची शीर पण काही अमर नसते म्हणा, दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद होतात, त्यामुळे नवीन काहीतरी हवंच आहे. फक्त वार्ताहरांना सांगा, एवढं विचारा, मेंढीत की माणसात, किती मिमी, आणि दोन वर्षांनी किती नळ्या चालू होत्या. उत्तर नाही मिळालं तर तसंही छापा.

- एक नियमित वाचक