आरोग्यमंत्री साहेब, ज्येष्ठांच्या डोळ्यांचा पडदाही तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यात नेत्रतपासणी शिबिरांना तोटा नाही. फ्लेक्स लागतो, उद्घाटनाची भाषणं होतात, म्हातारीकोतारी माणसं रांगेत बसतात. बॅटरीच्या उजेडात मोतीबिंदू दिसला की नाव लिहून घ्यायचं, नाही दिसला की चष्म्याचा नंबर देऊन वाटेला लावायचं. मोतीबिंदूचं काम मोलाचंच आहे. आपल्याकडे पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण आजही तोच आहे. पण मोतीबिंदू नाही आणि तरीही दिसत नाही, अशा माणसानं जायचं कुठं?

माझ्या थोरल्या बंधूंची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. मांडवाच्या तारा वाकल्यात म्हणून ते गड्यावर चिडायचे. गड्यानं तारा ताणून दिल्या, तरी यांना वाकड्याच दिसायच्या. शिबिरात सांगितलं, "मोतीबिंदू नाही, वयोमानानं होतंय." पुढे मिरजेत थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आतला पडदा पाहिला, तेव्हा उलगडा झाला. तोवर उजव्या डोळ्याची मधली नजर गेली होती. त्या डोळ्यानं समोरच्याचे कान दिसतात, चेहरा नाही.

पडद्याच्या मध्यभागाची वयानुसार होणारी ही झीज, डॉक्टरांच्या भाषेत 'एएमडी', दुर्मीळ नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून 2014 साली मांडलेला अंदाज सांगतो, की 45 ते 85 या वयातल्या शंभरातल्या आठ-नऊ जणांना ती कमीअधिक प्रमाणात असते आणि 2040 पर्यंत रुग्ण 28 कोटींच्या पुढे जातील. बहुतेकांची झीज 'कोरडी', वर्षानुवर्षं रेंगाळणारी. थोड्यांची 'ओली' होते: पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात आणि काही आठवड्यांत, महिन्यांत मधलं दिसणं जातं. तिच्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. ती वेळेत मिळाली तर नजर बऱ्याच अंशी टिकते. पडद्यावर वण पडल्यावर मात्र हाती काही राहत नाही. शिवाय एका इंजेक्शनानं भागत नाही, सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला घ्यावं लागतं. जत-आटपाडीच्या म्हाताऱ्यानं दर खेपेला मिरज गाठायची म्हणजे सोबतच्या मुलाचीही रोजी बुडाली. दोन खेपांनंतर माणूस "राहू दे आता" म्हणतो. त्याला अडाणी ठरवणं सोपं आहे.

म्हणून मागणं एवढंच. शिबिरात साठीपुढच्या प्रत्येकाची बाहुली मोठी करून पडदा तपासावा. आशाताईंच्या पिशवीत चौकटींचं एक कार्ड द्यावं, मधोमध ठिपका असलेलं. चष्मा असेल तर तो लावून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या किंवा पुसट दिसल्या की त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे. एक डोळा झाकणं महत्त्वाचं, कारण चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकून घेतो. या कार्डांच्या छपाईला उद्घाटनाच्या फ्लेक्सइतकाही खर्च यायचा नाही. विडी-सिगारेटनं हा धोका वाढतो, हेही त्यावर ठळक छापावं. आणि डोळ्यातली इंजेक्शनं तालुक्याजवळच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरल्या वारी, मोफत मिळावीत.

शिबिराच्या नोंदवहीत मोतीबिंदूशेजारी 'पडदा' असा रकाना आधी छापून घ्या. जिल्ह्यात असे किती जण आहेत, ते पहिल्याच वर्षी तुमच्या टेबलावर येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. तासगाव, जि. सांगली