मिडलसेक्स काउंटीच्या कमिशनर मंडळींना खुलं पत्र: शनिवार-रविवारी एक बस द्या

नमस्कार,

मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहतो. दर उन्हाळ्यात पुण्याहून आईबाबा येतात, आम्ही ऑफिसला, पोरं कॅम्पला आणि ते दोघं दिवसभर घरात, कारण इथे गाडी चालवता येत नसेल तर हातपाय बांधल्यासारखंच असतं. इथल्या कितीतरी मराठी घरांत हेच चित्र आहे. वीकेंडला आम्ही त्यांना नायगारा दाखवतो, वॉशिंग्टन दाखवतो, पण ज्या काउंटीत ते सहा महिने राहतात ती त्यांना ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांच्या पलीकडे माहीतच नसते.

मागच्या वेळी बाबांना मेन्लो पार्कला नेलं. बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. थॉमस एडिसनने 1876 ला इथे लॅब काढली, 1877 ला फोनोग्राफ, 1879 ला बल्ब, हे त्यांना तोंडपाठ, पण हे सगळं मुलाच्या घराजवळ झालंय हे माहीत नव्हतं! ती लॅब आता इथे नाही, हेन्री फोर्डने 1929 मध्ये ती मिशिगनला डिअरबॉर्नमध्ये पुन्हा उभी केली. इथे उरलाय तो 1937 चा टॉवर, वर काचेचा भलामोठा बल्ब, आणि शेजारी छोटंसं म्युझियम. बाबांनी टॉवरसमोर हात जोडले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग पर्थ अँबॉयला गेलो. तिथलं प्रोप्रायटरी हाऊस म्हणजे ब्रिटिश गव्हर्नरचा वाडा, त्यात राहायचा विल्यम फ्रँकलिन, बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा, बाप स्वातंत्र्याच्या बाजूने आणि मुलगा राजाच्या, आणि जून 1776 मध्ये या मुलाला अटक झाली. आई म्हणाली, केवढं दुःख झालं असेल रे त्या बापाला. पण मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते ती थॉमस मंडी पीटरसनची गोष्ट. शाळेत साफसफाई-देखभालीचं काम करणारा हा माणूस, 31 मार्च 1870 ला याच गावात त्याने मत दिलं, आणि वंशावरून मताचा हक्क नाकारायला बंदी करणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर मत देणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस ठरला. गावाने नंतर त्याला सोन्याचं पदक दिलं. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, तिथे प्रत्येक शाळेची ट्रिप गेलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

न्यू ब्रन्सविकचं रटगर्स विद्यापीठ 1766 चं, अमेरिकेतली पहिली कॉलेज फुटबॉल मॅच 1869 ला तिथेच झाली. पिस्काटावेला रॅरिटन नदीकाठी जुन्या घरांचं ईस्ट जर्सी ओल्ड टाउन व्हिलेज आहे. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून कारने फार तर अर्ध्या तासावर, पण कार असेल तरच.

म्हणून मागणी एकच. एप्रिल ते ऑक्टोबर, शनिवार-रविवारी एक बस सोडा. मेट्रोपार्क स्टेशन, मेन्लो पार्क, पिस्काटावे, न्यू ब्रन्सविक, पर्थ अँबॉय आणि परत. त्या दिवशी ही सगळी ठिकाणं एकाच वेळी उघडी राहतील एवढं बघा, म्हणजे बस पोचली आणि दाराला कुलूप असं व्हायला नको. 2026 ला देशाला 250 वर्षं होतात, निदान तेवढं निमित्त धरून एका सीझनपुरती तरी चालवून बघा. बसमध्ये मराठीत माहिती सांगायला माणूस लागला तर शनिवारी मी येईन, पैसे नकोत.

आपला,
एडिसनचा एक रहिवासी