पुरात इमारतींचे नुकसान किती, हे पाण्याच्या उंचीवरून मोजावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीची चर्चा सुरू होते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी इथे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या आसपास आले, हेही कोणी विसरलेले नाही. मात्र पाणी ४५, ५० किंवा ५५ फुटांवर गेले, तर शहरातील इमारतींचे नुकसान किती रुपयांचे होईल, हे सांगणारा तक्ता नागरिकांना कुठे पाहायला मिळत नाही.

पूर ओसरल्यावर पंचनामे होतात. पण ते मदतीचे निकष लावण्यासाठी असतात. २०२१ च्या मदतीत पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्मे पडलेल्याला ५० हजार, पाव पडलेल्याला २५ हजार आणि किमान १५ टक्के पडझडीला १५ हजार रुपये असे टप्पे होते. संकटात सापडलेल्या कुटुंबाला ही रक्कम मिळालीच पाहिजे, पण अशा रकमांची बेरीज म्हणजे शहराचे नुकसान नव्हे. आरसीसी इमारत पुरात सहसा पडत नाही. त्यामुळे ‘किती टक्के पडझड’ या प्रश्नात तिचे खरे नुकसान बसतच नाही.

तळमजल्याच्या सदनिकेत प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. पाणी जोत्याच्या वर फूटभर चढले, तरी प्लायवूडचे दरवाजे आणि स्वयंपाकघरातील खालची कपाटे फुगून निकामी होतात. तीन-चार फुटांवर भिंतीतील वायरिंग, स्विचबोर्ड आणि मीटरची पेटी पाण्याखाली जाते. पार्किंगमधील पाण्याची मोटार आणि लिफ्टचा खड्डा तर घरात पाणी येण्याआधीच बुडालेला असतो. पाणी उतरल्यावर दोन महिन्यांनी भिंतींना लोणा लागतो, रंग सुटतो आणि गिलावा हाताने निघू लागतो. हा खर्च पंचनाम्यानंतर उघडकीस येत असल्यामुळे कोणत्याच कागदावर येत नाही. गावभागातील मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींचे दुखणे आणखी वेगळे आहे. त्या पाण्यात उभ्या राहतात आणि पूर ओसरल्यावर, ऊन पडल्यावर ढासळतात.

उंचीबरोबर पाणी किती काळ थांबले आणि कोणत्या वेगाने आले, हेही नोंदवावे लागते. २०१९ मध्ये सांगलीच्या अनेक वस्त्यांत पाणी आठवडाभर साचून राहिले. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरले, लवकर उतरलेही, पण जाताना दुकानांत चिखलाचा थर ठेवून गेले. या दोन शहरांना एकच आकडेमोड लावली, तर दोन्हीकडचे उत्तर चुकेल.

याची पद्धत नवी नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून, घराचा प्रकार आणि पाण्याची खोली यांवरून नुकसान काढण्याचे तक्ते वापरात आहेत. मात्र तेथील दर येथे चालणार नाहीत, कारण आपले बांधकाम, आपले सामान आणि आपली मजुरी वेगळी आहे. त्यासाठी लागणारी बरीच माहिती आपल्याकडेच आहे. मालमत्ता कराच्या नोंदीत बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वापर असतो. दुरुस्तीचा दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून घेता येतो. कमी आहे ती प्रत्येक इमारतीच्या जोत्याच्या उंचीची नोंद, आणि ती उंची लेव्हल मशीन लावून एका हंगामात मोजता येण्याजोगी आहे.

हिशेब करताना दोन पथ्ये मात्र पाळावीत. रेडीरेकनरचा, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्यांकनाचा, दर घेऊ नये, कारण त्यात जमिनीची किंमत येते आणि जमीन पुरात वाहून जात नाही. तसेच तीस वर्षांच्या घराच्या दुरुस्तीला नव्या घराचा खर्च लावताना घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करावा. घरमालकाच्या खिशातून जाणारी रक्कम अर्थातच यापेक्षा मोठी असते, म्हणून ती वेगळ्या रकान्यात दाखवावी.

असा तक्ता तयार झाला, की प्रत्येक पातळीचे नुकसान आणि ती पातळी किती वर्षांतून एकदा येते, यांवरून दरवर्षीचे सरासरी अपेक्षित नुकसान काढता येते. पुराचे पाणी वळवण्याची योजना असो, नदीकाठची संरक्षक भिंत असो की नाल्यांचे रुंदीकरण, त्यावर खर्च होणारा पैसा वाचणाऱ्या नुकसानीशी ताडून पाहण्याचा दुसरा प्रामाणिक मार्ग मला तरी दिसत नाही. आज ज्या वस्तीचा आवाज मोठा तिकडे काम आधी जाण्याची भीती असते, आणि त्यात सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरसारख्या भागांतील भाडेकरूंचा आवाज मागे पडतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की येत्या पुरानंतर पंचनाम्यात तीन रकाने वाढवावेत: जोत्यापासून पाण्याची सर्वोच्च उंची, पाणी किती दिवस राहिले, आणि त्या दिवशी आयर्विन पुलाजवळची पातळी. तीन महिन्यांनी त्याच इमारतींपैकी निवडक ठिकाणी पुन्हा जाऊन दुरुस्तीची बिले पाहावीत आणि मालकांची नावे वगळून ही नोंद सर्वांसाठी खुली करावी. पाण्याची खूण भिंतीवर असते तोवर तलाठी आणि पालिकेचे कर्मचारी घरात आलेलेच असतात; टेप लावायला एक मिनिट पुरते.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, सांगली