आप्पा, रघूनं पेठ बदलली

पॅरामॅटा, सिडनी
फेब्रुवारी २०२६

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

रविवारी फोनवरच सांगायचं ठरवलं होतं. तीनदा ओठांवर आलं. पण तुम्ही रघूला "मार्चात तुझी पैली मॅच कुणाशी रं?" विचारलंत, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी आईला लोणच्याचं विचारत बसले. म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, आप्पांनी त्या डोळ्याला ताण द्यायचा नाही. आणि मधल्या ओळी गाळायच्या नाहीत. दादाच्या पत्राचं काय केलंस ते मी विसरलेले नाही.

तर सांगून टाकते. रघू या वर्षापासून रग्बी लीग खेळणार नाही, रग्बीचाच दुसरा प्रकार, युनियन खेळणार. शाळा बदलली, कागदांवर सह्या झाल्या, गणवेश शिवून आला, दोन आठवडे तो जातोयसुद्धा. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "तुमचं तुम्ही बघा" म्हणाला असता, आणि ते ऐकल्यावर माझ्याच्यानं सही झाली नसती.

तुमच्या मनात पहिल्यांदा सदाकाका आले असणार, मला माहीत आहे. एका हंगामासाठी माणूस कोल्हापूरच्या फुटबॉलात दुसऱ्या पेठेच्या तालमीकडून उतरला आणि तुम्ही त्यांच्याबरोबरचा चहा सोडलात, त्याला किती वर्षं झाली? मी तेव्हा सातवीत होते. शाहू स्टेडियमवर ते समोरून आले तर तुम्ही माझा हात धरून पायऱ्या बदलायचात. मला वाटायचं काकांनी चोरी केलीय.

पण रघूनं कुणाला दगा दिलेला नाही हो आप्पा. त्याच्या क्लबात त्यानं स्वतः जाऊन सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. कोच चांगला माणूस, पाठीवर थाप मारून म्हणाला, शनिवारी मॅच बघायला येत जा. पैशाचं म्हणाल तर रघूच्या हातात दमडी येत नाही. शाळेनं फीचा बराच भाग माफ केलाय, एवढंच. उरलेली फी आम्ही भरतोय, तुमच्या जावयांनी हिशोब मांडूनच होकार दिला. तुम्ही ती एफडी मोडायची नाही. आई, हे वाक्य दोनदा वाच.

आता त्या सुआलिई पोराविषयी बोलू, कारण भांडण तिथूनच सुरू झालंय.

मे २०२१. तुम्ही माडीवरच्या खोलीत एकटे, आई जिन्यात ताट ठेवून खाली यायची, आणि आम्ही इथं विमानं बंद म्हणून हात चोळत. रघू दहा वर्षांचा होता. आजोबांना करमत नाही म्हणून त्यानं फोन टीव्हीसमोर धरला आणि तुम्हाला लीग दाखवायला लागला. पॅरामॅटात राहून आम्ही कुणाच्या बाजूचे असायला हवं ते उघड आहे, पण तुम्ही छातीवरचा कोंबडा बघून रूस्टर्स निवडलात. "कोंबडंवालं आपलं." त्याच महिन्यात त्यांच्याकडून जोसेफ सुआलिई पहिल्यांदा उतरला. वय सतरा. अठरा पूर्ण नाहीत म्हणून लीगनं खास परवानगी दिली होती. चेंडू हवेत असला की हे पोरगं शिडी लावल्यासारखं वर जायचं. तुम्ही खोकत खोकत हसलात. तो आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, हे तुम्हाला आजच सांगतेय.

सहा पकडींचा खेळ तुम्हाला एका दुपारीत कळला. पकडलं, उठला, टाचेनं चेंडू मागं ढकलला, पुन्हा धाव. "ही चेंडू घिऊन खेळायची कबड्डी हाय," म्हणालात. रघूनं ते वाक्य शाळेतल्या भाषणात वापरलं आणि बक्षीस मिळवलं.

आणि मग २०२३ च्या मार्चमध्ये बातमी आली की २०२४ चा हंगाम संपला की सुआलिई युनियनकडं जाणार. वर्षाला सोळा लाख डॉलर असं इथल्या पेपरांनी छापलं. तुम्ही त्याचे रुपये करून बघितलेत आणि म्हणालात, "ह्यो बी सदाच निघाला." तो आधी साउथ सिडनी क्लबाच्या पोरांत होता आणि तिथून रूस्टर्सकडं आला होता, हे रघूनं सांगितल्यावर तर तुम्ही फोनच ठेवलात. पुढं जून २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्सकडून पहिल्याच ओरिजिन, म्हणजे लीगच्या राज्याराज्यांतल्या, सामन्यात त्याला उंच, डोक्याला लागलेल्या पकडीबद्दल पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर काढलं. तेव्हा तुमचं ठरलेलं वाक्य आलं: दोन्ही डगरींवर पाय ठेवल्यावर असंच होतं.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. ते पोरगं युनियनला परकं नव्हतंच. इथं पॅरामॅटालाच किंग्ज नावाची जुनी शाळा आहे, तिथं तो युनियन खेळतच वाढला. म्हणजे पेठ सोडली म्हणायचं की जुन्या पेठेत परत आला म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा. मला काही ठरवता येत नाही. मी तर वीस वर्षं इकडे आहे.

९ नोव्हेंबर २०२४ ची रात्र आठवते ना? तुमच्याकडं जेवणं व्हायची वेळ, आमच्याकडं पहाटेचे दोन. ट्विकनमला इंग्लंडशी सामना. मोठ्यांच्या युनियनचा एकही व्यावसायिक सामना न खेळलेला माणूस थेट ऑस्ट्रेलियाच्या संघात. रघूनं पुन्हा फोन टीव्हीसमोर धरला. तुम्ही "बघत न्हाई मी" म्हणालात आणि बघत राहिलात. त्यानं किक-ऑफचा चेंडू उडी मारून हवेतच खेचला तेव्हा पलीकडून "आयला!" ऐकू आलं, ते आई म्हणाली म्हणून तुम्ही खुशाल सांगा. शेवटच्या क्षणी ऑस्ट्रेलियाचा जॉर्गेन्सन चेंडू घेऊन कोपऱ्यात पोचला, ४२-३७ नं जिंकले, सामनावीर सुआलिई. दोन आठवड्यांनी स्कॉटलंडशी खेळताना त्याचं मनगट मोडलं तर तुम्ही "देवानं दावलं" म्हणालात. बरं. मग गेल्या ऑगस्टात जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ऑस्ट्रेलिया ०-२२ नं मागं होती, त्यानं समोरच्यांचा पास मधेच तोडून अख्खं मैदान पळत ट्राय केला, म्हणजे चेंडू त्यांच्या रेषेपार टेकवला, ३८-२२ नं जिंकले, आणि १९६३ नंतर तिथं पहिल्यांदा जिंकले, हे मला सकाळी फोन करून कुणी सांगितलं? आम्ही झोपलो होतो आप्पा. ज्याचं तोंड बघणार नाही म्हणता त्याच्यासाठी जागत बसता, आणि बीपीची गोळी उशिरा घेता.

तुम्हाला लीगच का आवडतं, हे मला फार उशिरा कळलं. १८९५ साली उत्तर इंग्लंडातल्या हडर्सफील्डला जॉर्ज हॉटेलात क्लबवाले जमले आणि रग्बी दुभंगली. खेळाडू गिरण्यांतले, खाणींतले. शनिवारी खेळायला गेलं की खाडा पडायचा आणि मजुरी बुडायची. तेवढी भरून द्या, इतकंच मागणं. वरच्या लोकांनी मानलं नाही. बावीस क्लब वेगळे झाले, त्यातून लीग आलं. इथं सिडनीतही १९०७ साली तेच: डॅली मेसेंजर, युनियनचा सगळ्यांत मोठा खेळाडू, लीगमध्ये आला आणि गर्दी त्याच्या मागं आली. उद्यमनगरात लेथ बंद करून अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन सामन्याला पळणारा माणूस कुठल्या बाजूला उभा राहणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून साहेबांच्या खेळात नातू गेला हे तुम्हाला टोचणार. खोटं बोलत नाही, पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाड्या बघून माझ्याही पोटात गोळा आला. पण ते जुनं युनियन आता राहिलं नाही. पूर्वी लीगमध्ये गेलेल्याला तिथं परत दारच नसायचं, तुमच्या सदाकाकांसारखं. १९९५ च्या ऑगस्टपासून युनियननंही उघडपणे पैसे देणं मान्य केलं आणि तेव्हापासून दोन्हीकडून ये-जा सुरू आहे. रघूच्या वर्गात सामोआ, टोंगा, फिजीची मुलं आहेत. त्यातला एक डब्यातली चपाती-भाजी रोज अर्धी खातो. मी आता जास्तच देते.

आणि जमलं नाही तर? हे मी स्वतःला रात्री विचारते, म्हणून लिहिते. सॅम बर्जेस २०१४ चा लीगचा अंतिम सामना गालाचं हाड मोडलेलं असताना जिंकून युनियनला गेला, २०१५ च्या विश्वचषकात इंग्लंड गटातच बाद झालं आणि तो परत साउथ सिडनीला आला. घेतलं त्यांनी. सनी बिल विल्यम्स तर २००८ साली लीगचा करार अर्धा टाकून फ्रान्सला युनियनकडं पळाला होता, लोक केवढे चिडले होते. न्यूझीलंडकडून विश्वचषक जिंकून तो २०१३ साली लीगमध्ये परतला, तेव्हा त्याला कुणी घेतलं माहितेय? तुमच्या कोंबडेवाल्यांनी. त्याच वर्षी विजेते झाले.

आई, आता तुझं. मान. मला माहीत आहे तू टीव्हीवर तो सोळा जणांचा गुंता बघितलास आणि देवासमोर बसलीस. त्याला स्क्रम म्हणतात, आणि रघू त्यात नसतो. त्याची जागा मागं, पळणाऱ्यांत. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना स्क्रममध्ये दीड मीटरच्या पुढं रेटायची परवानगीही नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी पंच निळं कार्ड दाखवतो, मग त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पुन्हा मैदान नाही. धोका नाहीच असं मी म्हणत नाही. दादाच्या वेळी आपण सगळ्यांनीच तसं म्हटलं होतं.

आप्पा, फरक एवढाच: लीगमध्ये माणूस पडला की पकड संपते, युनियनमध्ये पडल्यावर खरी कुस्ती सुरू होते. मातीत चेंडू कुणाचा, ते तिथं ठरतं. तेराच्या जागी पंधरा माणसं, ट्रायला चाराच्या जागी पाच गुण. खासबागेत इतकी मैदानं बघितलेल्या माणसाला हे चार सामन्यांत कळेल. रघूला तुम्ही समजावून सांगावं अशी वेळ येईल.

त्याचं खाणं नीट चाललंय. हॅरिस पार्कात ज्वारीचं पीठ मिळतं, आठवड्यातून तीनदा भाकरी होते. तुझी कांदा-लसूण चटणी तो उकडलेल्या अंड्यावर घालतो, अर्धी बरणी उरलीय. झोप आठ तास. वसतिगृहात ठेवलेलं नाही, रोज घरीच येतो. दहावीत आहे पण इथं दहावीला बोर्ड नसतं, नवस बोलू नकोस.

सगळ्यांत अवघड ते आता लिहिते. जोतिबाच्या यात्रेला आम्ही येत नाही. त्याच दिवसांत नव्या शाळेचे पहिले सामने आहेत, पहिल्याच हंगामात सुट्टी मागितली तर पोरगं मागं पडेल. तिकिटं काढलेली नव्हती, म्हणजे पैसे गेलेले नाहीत, असं मी स्वतःला समजावत होते. त्यात काय समाधान आहे? आप्पा, मी सहा वर्षांची असताना गुलालात मला खांद्यावर घेऊन तुम्ही डोंगर चढला होतात आणि माझी एक चप्पल पडली तर दुसरीही फेकून दिलीत, एकाच पायात बरी दिसत नाही म्हणून. आईनं उतरेपर्यंत अबोला धरला होता. रघूला हे मी दर वर्षी सांगते. दिवाळीच्या सुमाराला येतो, आम्ही तिघंही, पंधरा दिवस. या वेळी तिकिटं काढूनच सांगेन.

तोपर्यंत ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, मॅचनंतर नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध आठवड्यातून एकदाच, आणि ग्लास लहान. पांढरा रस्सा चालेल, तांबड्याची वरची तर्री काढून. माळ्यावर चढायचं नाही, पितळी भांडी तिथं सुखी आहेत. आई, तू गुडघ्याला तेल लावतेस पण व्यायाम करत नाहीस, फिजिओबाई मला फोटो पाठवतात. रंकाळ्यावर चालायला दोघांनी जायचं, पुढं-मागं नाही, बरोबर.

डोळ्याचं ऑपरेशन आता पुढं ढकलायचं नाही. पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. रिक्षानं जायचं नाही, येताना डोळ्याला धूळ लागेल. सदाकाका गाडी घेऊन सकाळी साडेआठला येतील. हो, तेच. मी त्यांना फोन केला. "आप्पा बसंल का माझ्या गाडीत?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि मी बसतील म्हणून सांगून टाकलं. आई, चहा दोन कप जास्त टाक.

तुमची लाडकी,
चिमी

ता. क. रघूच्या नव्या जर्सीचा रंग कोणता ते मुद्दाम लिहिलेलं नाही. आपल्या पेठेचा नाही, एवढं सांगते. फोटो डोळ्याची पट्टी निघाल्यावरच पाठवेन.